बदलीची खुर्ची

मन्नाएखेळ्ळीच्या लिंगाप्पानं केलेल्या खुर्चीत साहेब बसला की तीन महिन्यांच्या आत त्याची बदली होते, अशी कुजबूज आमच्या भागात सात-आठ वर्षं चालली होती. कुजबूज एवढ्यासाठीच म्हणायची की साहेबाच्या देखत कुणी बोलत नसे. बाकी हॉटेलात, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत ती राजरोस चालायची. कुणी सांगायचं, लिंगाप्पा खुर्चीच्या बुडाला काळा धागा बांधतो. कुणी सांगायचं, त्या धाग्याला तीन गाठी असतात. पहिल्या गाठीला साहेबाचं जेवण तुटतं, दुसरीला वरून कागद निघतो आणि तिसरीला दाराशी सामानाचा टेम्पो लागतो. गाठींची ही फोड कुणी केली ते मला ठाऊक आहे, पण तो आता हयात नाही, तेव्हा नाव घेत नाही. मी स्वतः ही अफवा कधी पसरवली नाही. कुणी विचारलं तर नाही म्हणत नव्हतो, इतकंच.

लिंगाप्पा मूळचा राजेश्वर गावचा, धनगराच्या घरचा. त्याचा बाप तिप्पण्णा मेंढरांमागं चालता चालता चातीवर लोकर कातायचा. गडी चार कोस चालला तर चार कोसांचा धागा तयार, असं त्याच्याबद्दल म्हणत. पोराला मात्र मेंढरांचा लळा लागला नाही. "मेंढरू एका जागी बसत न्हाई, आन् मला बसल्याबिगर काम सुचत न्हाई," हे त्याचं कारण. मग बिदरला एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रीकडं राहून त्यानं नऊ वर्षं सुतारकी शिकून घेतली. १९९१च्या पावसाळ्यानंतर मन्नाएखेळ्ळीत हायवेच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. समोरून हैद्राबादच्या आणि सोलापूरच्या गाड्या जायच्या. त्यांची धूळ ओल्या पॉलिशवर बसायची आणि लिंगाप्पा त्या ड्रायव्हरांच्या घराण्याची चौकशी करायचा.

त्याचा हात खुर्चीवर बसलेला होता. पलंग करायचा, कपाट करायचा, पण ते पोटासाठी. खुर्ची तो करायचा जिवासाठी. सागवानी, खिळा न मारता लाकडात लाकूड बसवलेली, बैठक वेताची. पाठ किंचित मागं रेललेली आणि हात चांगले वीतभर रुंद. या रुंद हातांचं त्याला मोठं कौतुक. "कचेरीत ठेवली तर फाईल ऱ्हाती, घरात ठेवली तर चहाची बशी ऱ्हाती," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. एकच नमुना, दोन्हीकडं चालणारा. गिऱ्हाइकानं विचारलं, ही ऑफिसची का घरची, तर म्हणायचा, "माणूस तोच हाय न्हवं? का कचेरीत जाताना गुडघे घरी ठिवून जातो?"

गुडघ्यांचा विषय त्याच्याकडं नेहमी निघायचा, कारण तो माप घ्यायचा तेच गुडघ्यापासून. टेप त्याला पटत नसे. बापाच्या चातीवरचा काळ्या लोकरीचा धागा घ्यायचा, टाचेपासून गुडघ्याच्या वाकणीपर्यंत धरून पहिली गाठ मारायची. वाकणीपासून कमरेच्या मागच्या हाडापर्यंत दुसरी गाठ. बसल्या जागेपासून कोपरापर्यंत तिसरी. मग धागा तोडून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. खुर्ची तयार झाली की ज्याचा धागा त्याच्याच बैठकीखाली, आडव्या पट्टीला बांधून टाकायचा. पुढं कधी वीण बदलायला आली, तर माप शोधत बसायला नको. धनगराच्या पोराला सुचावी अशी ही सोय. पण खिळ्यांना लटकणारे दहा-पंधरा काळे धागे, प्रत्येकाला तीन-तीन गाठी, हे दृश्य सडकेवरून दिसायचं. आमच्या भागातल्या माणसाला एवढं पुरतं.

खुद्द लिंगाप्पा कधी खुर्चीत बसला नाही. शेडमध्ये घोंगडं टाकून त्यावर मांडी घालून काम करायचा. त्याची बायको अनसाबाई त्याला यावरून बोलायची, "जगाला खुर्च्या, आन् ह्यांच्या नशिबाला घोंगडं." अनसाबाई वेत भिजवणं, सोलणं, विणणं सगळं करायची. बैठकीची वीण निम्मी तिचीच असायची, पण नाव लिंगाप्पाचं व्हायचं. याचा हिशेब तिनं पुढं एकदाच चुकता केला. ते येईलच.

लिंगाप्पाची एक इच्छा होती आणि ती त्यानं अनेकांना सांगितली होती. चांगली खुर्ची चार-पाच वर्षांनी बसणाऱ्याच्या अंगाची होते. वेत बरोबर तिथंच दबतो जिथं माणूस दाबतो. हाताचं लाकूड बरोबर तिथं काळं होतं जिथं तळवा टेकतो. त्याच्या उस्तादाच्या दुकानात निजामाच्या जमान्यातली तशी एक खुर्ची होती. तिच्याकडं बघून, न भेटलेला माणूस कसा बसत असेल ते कळायचं. आपल्या हातची खुर्ची अशी झालेली एकदा बघायची, हा त्याचा ध्यास. इच्छा तशी लहानशी. पण त्यासाठी खुर्चीत कुणीतरी चार वर्षं टिकून बसायला हवं होतं, आणि तिथंच अडलं.

मन्नाएखेळ्ळीत तेव्हा एक सरकारी कचेरी होती. खातं कोणतं ते सांगत नाही; कचेरी आता तिथं नाही आणि कुणाचं काही अडत नाही. तिथले हेडक्लार्क नरहरराव. साहेब येत, साहेब जात, नरहरराव असत. एकोणीस वर्षं एकाच टेबलाशी. खरेदीची फाईल त्यांच्याकडं, आस्थापनेची फाईलही त्यांच्याकडं. साहेबाला खुर्ची हवी तर कागद ते करत आणि साहेब बदलला तर त्याला मोकळं करण्याचा कागदही तेच करत. माणूस टापटिपीचा, पानाचा डबा जवळ, बोलणं मोजकं. बसायला एक लोखंडी खुर्ची, तिच्यावर घरून आणलेली जुन्या लुगड्याची गादी.

१९९३ साली कचेरीच्या साहेबासाठी पहिली खुर्ची लिंगाप्पाकडून गेली. साहेब रायचूरकडचे, उंच. लिंगाप्पानं त्यांच्या पायाशी बसून धागा धरला, गाठी मारल्या. गुढीपाडव्याच्या आधी खुर्ची पोचली. साहेबानं तिच्यावर टॉवेल टाकला, बसले, खूश झाले, आणि जूनमध्ये त्यांची बदली झाली. पुढचे साहेब बुटके. ते म्हणाले, ही खुर्ची मला मोठी होते, माझे पाय लोंबतात. त्यांच्यासाठी चौऱ्याण्णवला दुसरी झाली, पहिली मीटिंगच्या खोलीत गेली. मे संपता संपता तेही गेले. पंच्याण्णवला तिसरे साहेब, तिसरी खुर्ची, तिसरी बदली.

तिसऱ्या साहेबाचं सामान टेम्पोत भरताना शिपाई महादेवप्पानं ती रिकामी खुर्ची उलटी केली. कामून उलटी केली म्हणून विचारलं तर म्हणाला, धूळ झटकायला. बुडाला काळा धागा. त्यानं जाऊन मीटिंगच्या खोलीतल्या दोन्ही खुर्च्या उलट्या केल्या. धागा, धागा. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं होतं. महादेवप्पा मनानं वाईट नव्हता. पण बातमी पोटात ठेवली तर त्याला पित्त व्हायचं.

शहाण्णवच्या साहेबाच्या कानावर आल्या आल्याच कुणीतरी हे घातलं. या साहेबाला इथंच राहायचं होतं, मुलगी गुलबर्ग्याला कॉलेजात होती. पण तोवर रिवाजाप्रमाणं लिंगाप्पानं त्यांचं माप घेतलं होतं. साहेबानं खुर्ची नको म्हणून सांगितलं आणि हैद्राबादेहून चाकाची, गरगर फिरणारी रेक्झिनची खुर्ची मागवली. जूनमध्ये त्यांचीही बदली झाली. आता इथं अफवा मरायला हवी होती. पण हॉटेलात महादेवप्पानं विषय मिटवला.

"खुर्चीत बसले न्हाईत, व्हय. पण धागा तर खिळ्याला व्हता की."



मग उलटी जत्रा सुरू झाली. ज्यांना बदली हवी ते लिंगाप्पाकडं येऊ लागले. औरादकडच्या एका खेड्यात अडकलेले दोन मास्तर आले. जनवाड्याची एक नर्सबाई आली. शेडच्या दारात उभं राहून म्हणायचे, "खुर्ची नको अण्णा, माप तेवढं घ्या." लिंगाप्पा हातातला रंधा खाली ठेवायचा.

"माप कशाचं?"

"गुडघ्याचं. आन् धागा तेवढा खिळ्याला ऱ्हाऊ द्या. मे महिन्यापतोर."

"माझी खुर्ची बसायसाठी हाय. उठायसाठी न्हाई," असं म्हणून तो त्यांना परत लावायचा. दुसरा कुणी असता तर त्यानं एवढ्यात पाटी लावली असती. अनसाबाईचं म्हणणंही तसंच होतं. "गाठी मारायला काय जातंय तुमचं? धागा तर मेंढराचा हाय." पण लिंगाप्पाला ते कमीपणाचं वाटायचं. नर्सबाईची तेवढी त्या वर्षी बदली झाली. तिचं माप त्यानं घेतलं नव्हतं, पण ती शेडमध्ये पाणी प्यायला स्टुलावर टेकली होती. लोकांनी स्टूल धरलं.

इथवर गंमत होती. पुढं कचेरीच्या ऑर्डरी थांबल्या. शाळेनं बाक दुसरीकडून घेतले. मग घरची गिऱ्हाइकं आटली. मुलीच्या लग्नात पलंग-कपाटाबरोबर दोन खुर्च्या द्यायची पद्धत होती. राजेश्वरच्या एका घरानं लिंगाप्पाच्या खुर्च्या दिल्या आणि वर्षात जावई पुण्याला कंपनीत गेला. तेव्हा कुणाचा जावई जात नव्हता? दर घरातून एक पुण्याला, एक हैद्राबादला चाललाच होता. खुद्द लिंगाप्पाचा रविकुमार पुण्याला गाड्यांच्या सीटा शिवायच्या कारखान्यात लागला होता. त्याच्या घरात तर खुर्चीच नव्हती, घोंगडं होतं. पण हे कोण बघतो. "लिंगाप्पाची खुर्ची घरात आली की घर हलतं," असं बायका बोलू लागल्या. त्यातच हायवेवरून प्लास्टिकच्या खुर्च्यांचे ट्रक येऊ लागले. एकात एक घातलेल्या वीस-वीस खुर्च्यांची चळत. हलक्या, धुवायला सोप्या आणि बुडाला धागा नाही.

दोन हजार सालापर्यंत शेडमध्ये दुरुस्तीचंच काम उरलं. अनसाबाईचा भाऊ काशप्पा हैद्राबादला एका फर्निचरच्या कारखान्यात होता. त्याचा निरोप यायचा: मशीन लाकूड कापतं, मशीन भोक पाडतं, भावजींनी फक्त स्क्रू पिळायचे. रविकुमारही म्हणायचा, पुण्याला या. लिंगाप्पा ऐकून घ्यायचा आणि रंध्याला धार लावत बसायचा. ज्याच्या खुर्चीनं जग हलतं तो स्वतः मन्नाएखेळ्ळीतून हलायला तयार नव्हता. मी एकदा हे त्याला बोलून दाखवलं. हसला नाही.

२००१मध्ये कचेरीची नवी इमारत झाली. उद्घाटन श्रावणात ठरलं. नव्या इमारतीला चाळीस खुर्च्या हव्या होत्या. तीन दर मागवले. एक हैद्राबादच्या लोखंडी खुर्च्यांच्या दुकानाचा, एक बिदरचा, एक लिंगाप्पाचा. लिंगाप्पाचा दर रास्त होता आणि नमुन्याची खुर्ची तर कचेरीत आठ वर्षं मीटिंगच्या खोलीत उभीच होती, एक सांधा ढिला न होता. अर्थात तिच्यावर कुणी बसत नव्हतं. त्या वेळचे साहेब नवीन. त्यांनी नरहररावांवर सोपवलं: तुम्ही टिपण लिहा, मी सही करतो.

महादेवप्पा दुपारी शेडवर आला. घोंगड्याच्या कडेला टेकला.

"लिंगाप्पाण्णा, रावसाब लोखंडाचं लिवायलेत."

"कामून?"

"लाकडाला वाळवी लागती म्हणं."

"सागवानाला?"

"म्या काय वाळवी हाय का मला विचारायला," महादेवप्पा म्हणाला. मग आवाज उतरवून, "रावसाबांना अडीच वर्षं ऱ्हायलीत तिसऱ्या बढतीला. हितंच घ्यायची म्हणत्यात. त्यांना भ्या वाटायलंय."

त्या दिवशी लिंगाप्पा अनसाबाईला एवढंच म्हणाला, की ही ऑर्डर गेली तर दसऱ्यानंतर शेड उतरवायची, पत्रे विकायचे आणि हैद्राबादला काशप्पाकडं जायचं. तिथं स्क्रू पिळायचे. अनसाबाईनं ऐकलं. पदर खोचला. म्हणाली, "उद्या रविवार हाय. रावसाबांच्या घरी जाऊ. म्या बी येते."

"तू कशाला?"

"इंदुअक्काला वेताची पाटी द्यायची हाय."

लिंगाप्पाला या पाटीचं नवल वाटलं, पण त्यानं विचारलं नाही.

नरहररावांचं घर बसस्टँडच्या मागं. रविवारी सकाळी ते ओसरीवर पेपर वाचत बसले होते. पाय स्टुलावर, पानाचा डबा खुर्चीच्या हातावर. त्यांच्या पत्नी इंदुताई आत स्वयंपाकघरात. मला ही सगळी हकीकत दोन्ही बायकांकडून वेगवेगळी ऐकायला मिळाली आणि दोघींचं बोलणं जुळलं. बायकांच्या सांगण्यात हे वरचेवर घडत नाही, म्हणून मी ती खरी धरतो.

लिंगाप्पा पायरीशी उभा राहिला. अनसाबाई आत गेली.

"ये लिंगाप्पा," नरहरराव पेपर खाली न घेता म्हणाले. "कशासाठी आलास ते मला माहीत आहे."

"रावसाब, लाकूड सागवानी हाय. वाळवीचं मी लिहून देतो."

"वाळवीचं नाही रे." त्यांनी पेपर घडी केला. "तुझ्यावर माझा राग नाही. काम तुझं चांगलं आहे. पण चाळीस माणसं एकदम हलली तर कचेरी कोण चालवायची?"

"तुमाला पटतंय का हे? तुमी शिकलेले माणसं."

"मला पटत नाही," नरहरराव म्हणाले. "पण मी बसणार नाही."

लिंगाप्पा खाली बघू लागला. आणि खाली बघता बघता त्याची नजर रावसाहेबांच्या खुर्चीच्या पायावर गेली. तिथून वर, हातावर. हात चांगला वीतभर रुंद होता. पानाचा डबा मजेत बसला होता.

"रावसाब," लिंगाप्पा हळू म्हणाला, "जरा उठता का?"

"कशाला?"

"उठा की जरा."

नरहरराव उठले. लिंगाप्पा ओसरीवर चढला, पानाचा डबा बाजूला ठेवला आणि खुर्ची उलटी केली. बैठकीखाली आडव्या पट्टीला काळा धागा. तीन गाठी. सहा वर्षांची धूळ खाऊन करडा झालेला.

"ही उदगीरची खुर्ची आहे," नरहरराव घाईनं म्हणाले. "हिच्या भावानं पाठवली. माझी पाठ धरली होती तेव्हा."

लिंगाप्पा धाग्याकडं बघत होता. त्याला आठवलं. पंच्याण्णवच्या दसऱ्याला अनसाबाईनं एक धागा आणून दिला होता, तीन गाठी आधीच मारलेल्या. उदगीरचं गिऱ्हाईक हाय, माणूस येणार न्हाई, म्हणाली होती. त्यानं माणूस न बघता केलेली ती एकच खुर्ची.

"अनसे," त्यानं हाक मारली.

अनसाबाई दारात आली, पण बघत होती छताकडं. तिच्या मागून इंदुताई आल्या. हात पुसत.

"उदगीरची नाही ती," इंदुताई म्हणाल्या. "मीच करून घेतली. तुम्ही झोपला होतात तेव्हा गुडघ्याला धागा लावला."

"तू?" नरहरराव म्हणाले. "तेव्हा सगळ्या गावात बोभाटा झालेला. तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं म्हणून तर घेतली." इंदुताईंचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता. "इथं चार दिवसांनी नळाला पाणी येतंय. माझी बहीण गुलबर्ग्याला, दवाखाना गुलबर्ग्याला. तुम्हाला बदलीचा अर्ज करा म्हणून किती वेळा सांगितलं. म्हटलं, तुम्ही नाही करत तर खुर्ची करील. सहा वर्षं वाट बघायलेय मी. रोज संध्याकाळी बसता, रविवारी दिवसभर बसता, तिच्यातच डुलक्या काढता. कागद काही आला नाही. खुर्चीत काही दम नाही हो."

अनसाबाई पदरात तोंड धरून उभी होती. ते हसू होतं की आणखी काही, हे तिनं मला सांगितलं नाही.

लिंगाप्पानं खुर्ची सरळ केली. पण बाजूला झाला नाही. गुडघ्यावर बसला आणि बैठकीवरून तळवा फिरवू लागला. वेत डाव्या अंगाला जास्त दबला होता, उजव्या अंगाला कमी. उजव्या हातावर तळव्याएवढा काळा गुळगुळीत डाग पडला होता, डाव्या हातावर पानाच्या डब्याचं गोल वर्तुळ.

"डाव्या अंगावर रेलून बसता तुमी," तो नरहररावांना म्हणाला.

"लहानपणी झाडावरून पडलो होतो," नरहरराव म्हणाले. "उजवी मांडी दुखते. तुला कसं कळलं?"

लिंगाप्पानं दुसऱ्यांदा तळवा फिरवला. वीण कुठं तुटली नव्हती. ती वीण अनसाबाईची होती, हे त्याला माहीत होतं, आणि या वेळी त्यानं ते बोलून दाखवलं. अनसाबाई पुढं जन्मभर ते वाक्य जसंच्या तसं सांगायची, म्हणून मी इथं देत नाही. तिच्या तोंडचं तिलाच शोभतं.

इंदुताईंनी चहा आणला. आता रावसाहेबांना प्रश्न पडला. उभ्यानं चहा पिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ओसरीवर दुसरी खुर्ची नव्हती. घोंगडं नव्हतं. त्यांनी लिंगाप्पाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं. मग बसले. बशी खुर्चीच्या हातावर ठेवली, बरोबर वर्तुळावर.

सोमवारी टिपण गेलं. चाळीस खुर्च्या, सागवानी, वेताच्या बैठकीच्या, मन्नाएखेळ्ळीच्या लिंगाप्पाकडून. टिपणाखाली साहेबानं विचारलं म्हणतात, "नरहररावजी, ह्याची जबाबदारी कोण घेणार?" तेव्हा नरहररावांनी सांगितलं, की स्वतःसाठी एक्केचाळिसावी खुर्ची त्यांनी त्याच दुकानात सांगितली आहे, खर्च घरचा. त्यांना घरचीच खुर्ची कचेरीत न्यायची होती, पण इंदुताईंनी नेऊ दिली नाही. "घरची घरीच राहील," म्हणाल्या. मग लिंगाप्पानं घरच्या खुर्चीखालचा जुना धागा सोडला, त्यावरून माप घेतलं आणि पुन्हा जिथल्या तिथं बांधला. फक्त डावं अंग त्यानं नव्या बैठकीत आधीच किंचित घट्ट विणलं.

चाळीस खुर्च्या करायला माणसं लागली. राजेश्वरहून दोन भाचे आले. अनसाबाईनं चार बायकांना वीण शिकवली. श्रावणात इमारतीचं उद्घाटन झालं, माणसं खुर्च्यांत बसली. महादेवप्पा दोन महिने रोज सकाळी हजेरीपटाकडं आशेनं बघायचा. कुणी हललं नाही. दिवाळी झाली, संक्रांत झाली. पुढच्या उन्हाळ्यात तिघांच्या बदल्या झाल्या, सदतीस राहिले. तोवर बाजाराला दुसरी बातमी मिळाली होती आणि धाग्याचा विषय शिळा झाला होता. अफवा खोटी ठरली असं कुणी म्हटलं नाही. लोक एवढंच म्हणाले, की लिंगाप्पानं आता गाठी सैल मारायला सुरुवात केली.

लिंगाप्पाची शेड राहिली. पुढं पत्रे गेले, भिंती आल्या. रविकुमार २००८मध्ये पुण्याहून परत आला आणि त्यानं सोफे शिवायला घेतले. लिंगाप्पा घोंगड्यावरच बसून काम करत राहिला. नरहरराव २००६मध्ये निवृत्त झाले, त्याच कचेरीतून, त्याच टेबलावरून. बढती त्यांना तिथंच मिळाली होती. निरोपाच्या दिवशी त्यांची खुर्ची त्यांनी टेम्पोत घालून घरी नेली. इंदुताईंना शेवटी ओसरीवर दोन खुर्च्या मिळाल्या. गुलबर्गा काही मिळालं नाही.

त्याच दोन खुर्च्यांत एका सकाळी मी आणि नरहरराव बसलो होतो. मी त्यांना विचारलं, की खरेदीच्या फायली तुमच्या हातच्या, बदल्यांच्या फायली तुमच्या हातच्या, मग इतकी वर्षं तुम्हाला तारखा दिसल्या कशा नाहीत. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, दोन्ही फायली वेगवेगळ्या कपाटात होत्या.

सामानाचं अनुदान एकतीस मार्चच्या आत खर्च करावं लागे, म्हणून लिंगाप्पाची खुर्ची दरवर्षी मार्चमध्ये कचेरीत यायची. बदल्या दरवर्षी मे-जूनमध्ये निघायच्या. दूरवरून इथं आलेल्या बहुतेक साहेबांनी परत जाण्याचे अर्ज आधीच दिलेले असत.